भाडे ठरवणाऱ्याने वाटाही भरावा

अमेरिकेत नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी उबर किंवा लिफ्टवर गाडी चालवणाऱ्याला पहिल्या वर्षी रिटर्न भरताना एक धक्का हमखास बसतो. प्राप्तिकर शून्य किंवा अगदी किरकोळ निघाला, तरीही सरकारला काही शे डॉलर द्यायचे राहतात. हा असतो ‘सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स’, म्हणजे स्वयंरोजगार कर. नाव कराचे असले, तरी प्रत्यक्षात ही सामाजिक सुरक्षेची वर्गणी आहे. १२.४ टक्के सोशल सिक्युरिटी या पेन्शन योजनेसाठी आणि २.९ टक्के मेडिकेअर या ज्येष्ठांच्या आरोग्य विम्यासाठी, असे मिळून १५.३ टक्के. पगारदाराच्या बाबतीत यातला निम्मा वाटा मालक भरतो आणि निम्मा पगारातून कापला जातो, त्यामुळे त्याला ७.६५ टक्केच जाणवतात. ॲपवर गाडी चालवणारा कायद्याच्या लेखी स्वतःच स्वतःचा मालक असल्याने दोन्ही वाटे त्याच्याच खिशातून जातात. या करावरची अमेरिकेतली चर्चा बहुधा दर जास्त की कमी याच्यापाशी घुटमळते. खरा वाद दराचा नाही. मालकाचा वाटा कोणी भरायचा, तो केव्हा कापायचा आणि कोणाच्या नावावर जमा करायचा, हे तीन प्रश्न मुळात आहेत. भारतातही ॲप कंपन्यांकडून सामाजिक सुरक्षेचा निधी गोळा करण्याची तयारी सुरू झाली आहे. अशा वेळी अमेरिकेने यातले काय बरोबर केले आणि काय चुकवले, हे नीट तपासून घेणे आपल्या फायद्याचे आहे.

आकडे मांडले की गोष्ट लगेच स्पष्ट होते. समजा, टेक्सासमधल्या एका चालकाला २०२५ मध्ये ॲपकडून कमिशन वजा जाता १२,००० डॉलर मिळाले आणि त्यासाठी त्याने ११,००० मैल गाडी चालवली. पेट्रोल, झीज, विमा, दुरुस्ती असा खर्च एकत्र धरून मैलामागे ७० सेंट वजा करण्याची मुभा त्या वर्षासाठी होती. म्हणजे ७,७०० डॉलर खर्च आणि ४,३०० डॉलर नफा. या नफ्याच्या ९२.३५ टक्के रकमेवर १५.३ टक्के लावले की सुमारे ६०८ डॉलर होतात. तेवढ्याच रकमेची पगारी नोकरी असती, तर त्याच्या पगारातून ३२९ डॉलर गेले असते. त्याने वर्षभर मैलांची नोंदवही ठेवली नसेल आणि खर्चाचा पुरावा म्हणून हातात काहीच नसेल, तर हाच कर १,६९६ डॉलरवर जातो. एका नोंदवहीची किंमत हजार डॉलरच्या वर आहे. शिवाय हा पैसा वर्षाअखेरीस एकदम भरून चालत नाही. ठरावीक मर्यादेपुढे देणे निघत असेल, तर एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारी अशा चार हप्त्यांत आगाऊ भरावा लागतो, नाही तर दंड. मोठ्या धंद्याला हे काम करायला मुनीम असतो, लेखापाल असतो. रात्री अकराला विमानतळावरून शेवटचे भाडे सोडून घरी येणाऱ्या माणसाने गाडीतच बसून ते करावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे.

दोन्ही वाटे एकाच माणसावर का टाकले, याचा इतिहास बोलका आहे. सोशल सिक्युरिटीचा कायदा १९३५ चा. त्यात सुरुवातीला स्वतंत्र धंदेवाईक नव्हतेच. १९५० च्या दुरुस्तीने त्यांना आत घेतले आणि १९५१ पासून वसुली सुरू झाली. तेव्हा त्यांच्याकडून पगारदाराच्या साधारण दीडपट वर्गणी घेतली जाई, दुप्पट नव्हे. पेन्शन निधी अडचणीत आल्यावर १९८३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ही सवलत काढली आणि दर मालक-कामगार मिळून होणाऱ्या दराइतका केला. मागाहून निम्मी रक्कम प्राप्तिकरासाठी वजा करण्याची सोय ठेवली, पण प्राप्तिकरच न लागणाऱ्याला त्या सोयीचा उपयोग शून्य. दुप्पट वर्गणीमागचा विचार मात्र अगदीच तर्कहीन नव्हता. दुकानदार, वकील, प्लंबर, सुतार हे आपला भाव आपण लावतात. मालकाचा वाटा भरावा लागतो म्हटल्यावर तो भावात मिळवून गिऱ्हाईकाकडून वसूल करण्याची निदान शक्यता त्यांच्या हातात असते. स्वतःचा मालक असणे म्हणजे व्यवहारात एवढेच: भाव लावायचा अधिकार.

ॲपवरच्या चालकाकडे नेमका हाच अधिकार नाही. प्रवाशाने किती द्यायचे ते कंपनी ठरवते, चालकाला किती मिळणार तेही कंपनीच ठरवते, आणि अमेरिकेत आता या दोन रकमांमध्ये ठरावीक प्रमाणही राहिलेले नाही. पडद्यावर रक्कम दिसते; काही सेकंदांत ‘हो’ म्हणायचे किंवा भाडे सोडून द्यायचे. यंदा टायर बदलले, विमा वाढला, कर भरायचा आहे म्हणून मैलामागे दहा सेंट जास्त लावतो, असे त्याला म्हणता येत नाही. ज्या गृहीतकावर दुहेरी वर्गणी उभी आहे, ते गृहीतकच त्याला लागू पडत नाही. तो केव्हा काम करायचे ते ठरवतो, हे खरे. पण वेळ ठरवण्याचे स्वातंत्र्य आणि भाव ठरवण्याचे स्वातंत्र्य या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मालकाच्या वाट्याशी संबंध दुसरीचा येतो. न्यूयॉर्क शहराने हे ओळखले. तिथल्या टॅक्सी आयोगाने २०१८ च्या अखेरीस ॲप चालकांसाठी किमान मोबदला ठरवला तेव्हा तासाला १५ डॉलरचे किमान वेतन सरळ उचलले नाही. खर्च वजा जाता १७.२२ डॉलर हातात पडावेत, असे सूत्र मांडले. वरचे दोन-सव्वादोन डॉलर कशासाठी, तर चालकाला भरावा लागणारा मालकाचा वाटा आणि त्याला न मिळणारी भरपगारी रजा यांची भरपाई म्हणून. मालकाचा वाटा हे काही हवेतले तत्त्व नाही. तो मोजता येतो आणि एका महानगराने तो मोजून चालकाच्या मोबदल्यात बसवला आहे.

अमेरिकेच्या पद्धतीत एक गोष्ट मात्र मोलाची आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. तिथे काम अर्धवेळ की पूर्णवेळ, किती दिवस, किती ॲपवर, असे कोणी विचारत नाही. वर्षाला ४०० डॉलर निव्वळ कमाई झाली की वर्गणी लागू, आणि वर्गणी लागू झाली की कमाई त्याच्या नावे नोंद. २०२५ मध्ये कमाईच्या दर १,८१० डॉलरला एक श्रेयांक मिळत असे, वर्षाला जास्तीत जास्त चार. असे चाळीस झाले की पेन्शनचा हक्क पक्का. वरच्या उदाहरणातल्या चालकाला त्या सहाशे डॉलरच्या बदल्यात दोन श्रेयांक मिळतात. पेन्शनची रक्कम आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या ३५ वर्षांच्या कमाईवरून काढतात, आणि सूत्र असे बांधले आहे की सरासरी कमाईच्या पहिल्या टप्प्याचे ९० टक्के, पुढच्याचे ३२ टक्के आणि त्याहून वरच्याचे १५ टक्के परत मिळतात. कमी कमावणाऱ्याला त्याच्या वर्गणीच्या मानाने जास्त मिळावे, हा त्यामागचा हेतू. म्हणून हा कर सरसकट रद्द करा, ही मागणी ऐकायला गोड असली तरी चालकाच्या हिताची नाही. कर गेला की हक्कही जातो. ४०० डॉलरची मर्यादा १९५१ पासून तशीच आहे, तिला महागाईचा वारा लागलेला नाही, ही तक्रार रास्त आहे. पण ती वाढवली तरी मालकाच्या वाट्याचा प्रश्न तिथेच राहतो.

चुकले आहे ते वसुलीत. अमेरिकेच्या महसूल खात्याच्या स्वतःच्या अभ्यासांत वर्षानुवर्षे एकच चित्र दिसते: ज्या उत्पन्नातून कर आधीच कापलेला असतो, म्हणजे पगार, त्यात चुकीची किंवा अपुरी माहिती देण्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असते; ज्या उत्पन्नाची बाहेरून कोणी माहितीही देत नाही आणि ज्यातून कापणीही होत नाही, त्यात ते ५५ टक्क्यांपर्यंत जाते. पगारदार प्रामाणिक आणि धंदेवाला लबाड, असा याचा अर्थ काढणे हास्यास्पद ठरेल. माणसे तीच असतात. एकीकडे पैसा हातात येण्याआधीच कापला जातो आणि दुसरीकडे खर्च होऊन गेल्यावर मागितला जातो. त्यात माहितीच्या फॉर्मचा घोळ. ॲपने चालकाच्या एकूण व्यवहाराचा फॉर्म सरकारला केव्हा पाठवायचा, याची मर्यादा आधी २०,००० डॉलर आणि २०० व्यवहार अशी होती. २०२१ च्या कायद्याने ती ६०० डॉलरवर आणली, महसूल खात्याने अंमलबजावणी पुन्हा पुन्हा पुढे ढकलली आणि जुलै २०२५ च्या कायद्याने जुनीच मर्यादा परत आणली. परिणाम असा की केंद्रीय पातळीवर फॉर्म येणार वीस हजारांपुढे आणि कर लागणार चारशेपासून. मधल्या पट्ट्यात जवळजवळ सगळे अर्धवेळ चालक. कागद आला नाही म्हणून कर नाही, असे समजणारा माणूस दोन-तीन वर्षांनी दंड आणि व्याजासकट नोटीस हातात घेऊन बसतो. त्याच जुलैच्या कायद्यात टिपच्या रकमेवर प्राप्तिकरात वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत सूट दिली आणि ॲप चालकांनाही ती लागू केली. मोठा गाजावाजा झाला. पण टिपवरचा स्वयंरोजगार कर तसाच आहे. ज्याला मुळात प्राप्तिकर बसतच नाही त्याला या सवलतीतून काही मिळाले नाही. जो कर त्याला खरोखर बसतो त्याला हात लावलेला नाही.

तेव्हा उपाय सरळ आहे. प्रत्येक फेरीचे पैसे चालकाच्या खात्यात टाकतानाच ॲपने वर्गणी कापावी, मालकाचा निम्मा वाटा आपल्या पदरचा घालावा आणि दोन्ही चालकाच्या नावे जमा करावे. यावर पहिला आक्षेप हिशेबाचा येतो आणि तो वजनदार आहे. वर्गणी नफ्यावर आहे, ॲपला तर फक्त जमा कळते. खर्च न वजा करता कापले तर चालक लुटला जाईल. पण फेरीचे अंतर ॲपला कळते, प्रवाशाला घ्यायला जाताना किती अंतर कापले तेही कळते. सरकारने ठरवलेला मैलामागचा दर वजा करून उरलेल्या रकमेवर कापणी करणे हे संगणकाला अजिबात अवघड नाही. भाड्याच्या शोधात रिकामी फिरलेली गाडी, हप्त्यावरचे व्याज, असा उरलेला तपशील वर्षाअखेरीच्या रिटर्नमध्ये मिळवून परतावा मागता येईल. आज चालकाला रिटर्न भरताना पैसे द्यावे लागतात; उद्या थोडे परत मिळतील. नोंदवही हरवलेल्या माणसाला हजार डॉलरचा भुर्दंडही पडणार नाही. भारतीय प्राप्तिकरात छोट्या धंद्यांसाठी ढोबळ नफा गृहीत धरण्याची सोय आहे, डिजिटल जमेवर सहा टक्के आणि रोखीवर आठ टक्के. पै-पैचा खर्च न तपासता कर लावता येतो, हे तत्त्व आपल्यालाही परके नाही.

दुसरा आक्षेप कंपन्यांचा. वर्गणी कापली आणि वाटा भरला म्हणजे चालक नोकर ठरेल, मग त्याचे वेळेचे स्वातंत्र्य जाईल. याच भीतीवर कॅलिफोर्नियात २०२० मध्ये चालकांना नोकर न मानणारा प्रस्ताव २२ मंजूर झाला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तो उचलून धरला आणि चालक स्वतंत्र कंत्राटदारच राहिले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उलट दिशेने उबर चालकांना कामगाराचा दर्जा दिला. या लढाईत कोण जिंकते त्यावर वर्गणीचा प्रश्न टांगून ठेवण्याचे कारण नाही, कारण अमेरिकेच्या कायद्यातच तिसरी वाट पूर्वीपासून आहे. पाव, मांस, भाजीपाला, पेये पोचवणारे किंवा धोब्याकडचे कपडे ने-आण करणारे कमिशनवरचे गाडीवान, तसेच आयुर्विम्याचे काही पूर्णवेळ एजंट, यांना इतर सर्व बाबतींत स्वतंत्र मानूनही सोशल सिक्युरिटीपुरते ‘कायद्याने मानलेले कर्मचारी’ धरतात. त्यांचा निम्मा वाटा कंपनी भरते आणि उरलेला कापते. पाववाल्याच्या गाडीवानाला जे लागू झाले ते प्रवासी नेणाऱ्या गाडीवानाला लागू करायला नवे तत्त्वज्ञान नको, यादीत एक ओळ हवी.

तिसरा आक्षेप अर्थशास्त्राचा. वाटा कागदावर कंपनीचा असला तरी ती चालकाच्या मोबदल्यातून तो वसूल करील. यात तथ्य आहे. पगारदारांच्या बाबतीतही मालकाच्या वाट्याचा बराचसा भार शेवटी कामगाराच्या वेतनावर येतो, असे बहुतेक अर्थतज्ज्ञ मानतात. पण त्यातून निष्कर्ष निघतो तो किमान मोबदल्याची चौकट लागेल असा. वाटा चालकावरच राहू द्यावा असा निघत नाही. न्यूयॉर्कने तळाची मर्यादा घातली म्हणूनच कंपनीला वाटा खाली ढकलता येत नाही. शिवाय सगळा भार अखेर चालकावर आला असे मानले, तरी वेळेवर आणि आपोआप झालेली कापणी ही दंड-व्याजासह होणाऱ्या वसुलीपेक्षा त्याला स्वस्तच पडते. राहता राहिला चौथा आक्षेप: अर्धवेळ चालकाची दुसरीकडे नोकरी असते, तिथे वर्गणी जातेच, मग हा जोडधंदा कशाला धरायचा? ज्याची दिवसाची नोकरी भरपूर पगाराची आहे त्याच्यासाठी हे काही अंशी खरे आहे. त्याच्या वरकमाईवर पेन्शन ३२ किंवा १५ टक्क्यांच्या टप्प्यात मोजली जाते, त्याला परतावा कमी. पण जोडधंदा करावा लागतो तो बहुतेकदा पहिली कमाई पुरत नाही म्हणून. नोकरी सुटते तेव्हा हाच जोडधंदा वर्ष-दोन वर्षे मुख्य धंदा होतो आणि नोंदीतली ती रिकामी वर्षे तोच भरून काढतो. स्थलांतरितांना तर श्रेयांकांची मोजणी फारच महत्त्वाची, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेच्या वर्गण्या एकमेकांत धरण्याचा करार नाही. चाळीस श्रेयांक पुरे होण्याआधी परतलेल्या मराठी माणसाची तिथली पेन्शनची वर्गणी तिथेच राहते.

आता आपल्याकडे वळू. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत, इतके अंशदान सामाजिक सुरक्षा निधीत भरायचे, असे तिच्यात आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये अशा कामगारांची संख्या ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. अमेरिकेने मालकाचा वाटा चालकाच्या डोक्यावर टाकला. आपण तो सुरुवातीपासूनच कंपनीकडे मागितला, हे आपले शहाणपण. पण पैसा कोणाच्या नावावर जमा होणार, या प्रश्नावर आपण अमेरिकेच्या पुष्कळ मागे आहोत. निधी सामाईक आहे, योजना सरकार वेळोवेळी जाहीर करणार. कोणत्या चालकाच्या भाड्यातून किती पैसे आले आणि त्याबदल्यात त्याला काय मिळणार, हे नाते कुठेच बांधलेले नाही.

त्याऐवजी दिवसांची अट आहे. केंद्राने डिसेंबर २०२५ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या नियमांच्या मसुद्यानुसार, लाभांसाठी मागच्या आर्थिक वर्षात एका ॲपवर किमान ९० दिवस किंवा एकापेक्षा अधिक ॲपवर मिळून १२० दिवस काम हवे. कितीही कमी कमाई झाली तरी तो एक दिवस, आणि एकाच दिवशी तीन ॲपवर काम केले तर ते तीन दिवस. यातून काय होते ते पाहा. कोणी वर्षभर शनिवार एका ॲपवर आणि रविवार दुसऱ्या ॲपवर काढला, तर त्याचे दिवस भरतात १०४. कुठल्याही एका ॲपवर ५२ च. दोन्ही मिळून १२० ला कमी. दिवसाला बारा-बारा तास राबूनही तो अपात्र. त्याचा शेजारी मात्र दोन्ही दिवशी दोन्ही ॲप सुरू ठेवून प्रत्येकावर एकेक छोटी फेरी मारतो. त्याचे होतात २०८ दिवस आणि तो पात्र. वर्षात ८९ दिवस पूर्णवेळ चालवणाऱ्याला काही नाही, ९० दिवस रोज एकच फेरी मारणाऱ्याला सगळे. दोघांच्या भाड्यावर कंपनीचे अंशदान मात्र सारख्याच दराने जमा झालेले असते. अर्धवेळ माणसाच्या घामाचे पैसे निधीत आणि हक्क दुसऱ्याला, अशी ही व्यवस्था आहे. महाराष्ट्रात पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीने भाडे मारता येत नाही, त्यामुळे अमेरिकेसारखा घरच्या गाडीतला हौशी चालक इथे कमी. आपले अर्धवेळ म्हणजे दुसऱ्याच्या पिवळ्या पाटीच्या गाडीवर रात्रपाळी करणारे, शेतीच्या हंगामात गावी जाऊन उरलेले महिने पुण्या-मुंबईत गाडी चालवणारे, कॉलेज सांभाळून पार्सल पोचवणारे. दिवसांची अट नेमकी यांनाच नडणार.

फेरीगणिक हिशेब आपल्याला जमणार नाही, असे म्हणायला जागा नाही. ॲपवरून केलेल्या टॅक्सी प्रवासावर पाच टक्के जीएसटी आहे आणि तो चालकाने नव्हे तर ॲप कंपनीने सरकारला भरायचा, अशी तरतूद कायद्यात आहेच. जानेवारी २०२२ पासून ॲपवरच्या रिक्षाही त्यात आल्या. चालकाच्या रकमेतून टीडीएस कापून पॅनवर जमा करण्याची व्यवस्था ऑक्टोबर २०२० पासून आहे. मग कर फेरीगणिक मोजता येतो आणि हक्क तेवढा दिवसांवर मोजायचा, हे कोणत्या न्यायाने? एक अडचण मात्र आत्ताच ओळखायला हवी. अनेक ॲप आता कमिशनऐवजी चालकाकडून दिवसाचे किंवा महिन्याचे शुल्क घेतात आणि प्रवासी पैसे थेट चालकाला देतो. अशा ठिकाणी कंपनीची उलाढाल म्हणजे फक्त ते शुल्क, आणि कंपनीने चालकाला ‘दिलेली रक्कम’ कागदावर शून्य. अंशदान उलाढालीवर आणि दिलेल्या रकमेवर बांधून ठेवले, तर कंपन्या याच वाटेने सटकतील. ते प्रवाशाने मोजलेल्या भाड्यावर बांधले, तर पैसा कोणाच्या हातातून गेला याने फरक पडणार नाही.

आणि या सगळ्यासाठी महाराष्ट्राला अमेरिकेकडे पाहण्याचीही फारशी गरज नाही. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेला १९६९ चा माथाडी कायदा हेच सांगतो. सकाळी एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर आणि दुपारी दुसऱ्याच्या ट्रकवर पोती वाहणाऱ्याचा मालक कोण, हा प्रश्न त्या कायद्याने सोडवत न बसता बाजूला ठेवला. काम करून घेणाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची; मंडळ टोळीतल्या प्रत्येकाच्या नावे मजुरी, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा यांचा हिशेब ठेवते. मालक अनेक, खाते एक. राजस्थानने २०२३ मध्ये ॲप कामगारांसाठी व्यवहारागणिक उपकराचा कायदा केला, कर्नाटकाने २०२५ मध्ये कामगाराच्या मोबदल्यावर एक ते पाच टक्के कल्याण शुल्काचा. ज्या राज्यात ही कल्पना जन्मली, तिथे रिक्षा आणि मीटर टॅक्सीचालकांसाठी कल्याणकारी मंडळ आले, ॲप टॅक्सींसाठी २०२५ चे धोरण आले. पण भाड्यागणिक लेव्ही आणि चालकाच्या नावचे खाते अजून आलेले नाही. माथाडी मंडळांत बोगस टोळ्या शिरल्या, काही ठिकाणी खंडणीखोरी झाली, व्यापारी त्यामुळे वैतागले, हे आक्षेप खरे आहेत. पण तिथे कोणी पोते उचलले याची नोंद माणसाच्या हातात होती. इथे कोणी, कुठून कुठे, किती वाजता प्रवासी नेला हे उपग्रहाच्या नोंदीसह ॲपकडे असते. बोगस चालक तयार करायचा तर बोगस प्रवासी आणि त्याचे खरे पैसे लागतील.

म्हणून मागणी नेमकी हवी. संहितेचे नियम पक्के होताना ९० आणि १२० दिवसांची अट काढून तिच्या जागी कमाईचे मोजमाप यावे. ठरावीक रकमेच्या कमाईला एक श्रेयांक, तो कितीही ॲपवर आणि कितीही दिवसांत मिळवलेला असो. कंपनीचे अंशदान भाड्यावर मोजावे, फेरी संपताच कापावे आणि चालकाच्या ई-श्रम या सरकारी नोंदणीच्या क्रमांकावर त्याच दिवशी दिसावे. चालकाला प्रत्येक फेरीच्या पावतीत भाडे, कमिशन आणि जीएसटी यांच्या जोडीला ‘तुमच्या खात्यात जमा’ अशी एक ओळ वाचता यावी. केंद्राला हे करायला वेळ लागणार असेल, तर महाराष्ट्राने माथाडीच्या धर्तीवर स्वतःचा कायदा करावा. राजस्थान आणि कर्नाटकाला जे जमले ते मुंबईला अवघड नाही. चालक आपला मालक आपणच आहे, असे कंपन्यांना म्हणायचे असेल, तर त्यांनी त्याला भाव लावू द्यावा. भाव त्याच ठरवणार असतील, तर मालकाचा वाटाही त्यांनीच भरला पाहिजे.